उशिरा आलेल्या पुराव्यावर आधी आदेश द्या: ट्रेडमार्क निबंधकांना खुले पत्र

प्रति,
मा. महानियंत्रक, पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क,
तथा ट्रेडमार्क निबंधक, भारत सरकार

विषय: विरोध-प्रकरणांत मुदतीनंतर येणारा पुरावा आणि ट्रेडमार्क नियम, २०१७ मधील नियम ४८

महोदय,

सविनय नमस्कार.

मी ट्रेडमार्कच्या विरोध-प्रकरणांत काम करणारी वकील आहे. कधी विरोधकाच्या बाजूने उभी राहते, कधी अर्जदाराच्या. त्यामुळे या पत्रातली मागणी कुणा एका पक्षाच्या सोयीची नाही. मुदतीनंतर पुरावा दाखल करण्याची परवानगी कुणी मागितली, की त्या अर्जाचा निकाल अंतिम सुनावणीच्या आधी, स्वतंत्र लेखी आदेशाने आणि कारणांसह लागावा, एवढंच मला मागायचं आहे. परवानगी द्या किंवा नाकारा, पण ती का दिली किंवा का नाकारली हे दोन्ही बाजूंना युक्तिवादाला उभं राहण्यापूर्वी कळू द्या.

हे पत्र वाचणारे सगळेच या कामातले नसतील, म्हणून क्रम थोडक्यात सांगते. नोंदणीचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की चार महिन्यांच्या आत कुणीही त्याला विरोध करू शकतो. विरोधाची नोटीस मिळाल्यावर अर्जदाराने दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे लेखी उत्तर, द्यायचं. ते विरोधकाला बजावलं गेलं की नियम ४५ लागू होतो. दोन महिन्यांत प्रतिज्ञापत्रावर पुरावा द्या, नाहीतर ‘पुरावा द्यायचा नाही, नोटिशीतल्या मजकुरावरच भिस्त आहे’ असं लेखी कळवा. दोन्हींपैकी काहीच केलं नाही, तर विरोध सोडून दिला असं मानलं जातं. मग नियम ४६ खाली अर्जदाराची पाळी, त्यालाही दोन महिने. तो गप्प राहिला तर त्याचा अर्जच सोडून दिल्याचं मानलं जातं. शेवटी नियम ४७ खाली विरोधकाला प्रत्युत्तरापुरता पुरावा द्यायला एक महिना मिळतो. यानंतर कुणाचाच पुरावा नाही, असं नियम ४८ सांगतो, आणि त्याच वाक्यात निबंधकांच्या हाती एक अधिकारही देतो: त्यांना योग्य वाटलं तर ते कोणत्याही टप्प्यावर, खर्चाच्या किंवा इतर अटी घालून, कोणत्याही पक्षाला पुरावा दाखल करू देऊ शकतात.

कोणत्या गोष्टी पाहून ते योग्य वाटावं, हे मात्र नियमात कुठेही लिहिलेलं नाही. सगळी अडचण इथून सुरू होते.

आधी हे स्पष्ट करते की नियम ४५ ची मुदत सैल करा असं माझं म्हणणं नाही. ती मुदत टप्प्याटप्प्याने कडक होत आली आहे आणि त्यामागे विचार आहे. १९५९ च्या नियमांत दोन महिन्यांत पुरावा न दिल्यास ‘निबंधकांनी अन्यथा निर्देश दिले नाहीत तर’ विरोध सोडल्याचं मानलं जाई. २००२ च्या नियमांतून हे शब्द गेले, मात्र दोन महिन्यांवर एक महिना वाढवून मागता येत असे. २०१७ च्या नियमांत तो महिनाही उरला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सन फार्मा विरुद्ध डाबर या प्रकरणात पुराव्याची मुदत बंधनकारक असल्याची भूमिका घेतली. जो विरोधक नोटीस टाकून दुसऱ्याचा अर्ज अडवतो आणि नंतर एक कागदही देत नाही, त्याचा विरोध संपलाच पाहिजे. नुसत्या अडवणुकीसाठी केलेले विरोध या व्यवस्थेत कमी नाहीत, आणि त्यांचा भार नव्याने धंद्यात उतरलेल्या माणसावर पडतो.

पण ‘काहीच दिलं नाही’ आणि ‘दिलं, पण त्यात एक कागद कमी होता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी नियम ४५ पुरेसा आहे. दुसरी नियम ४८ च्या हद्दीत येते, आणि तिच्यासाठी कसोटी लिहिलेली नसल्यामुळे पहिलीची कठोरता नकळत दुसरीवरही पसरते. एखादा अधिकारी तारीख उलटली एवढ्यावरून कागद बाजूला ठेवेल, दुसरा सगळंच नोंदीवर घेऊन ‘महत्त्व नंतर ठरवू’ म्हणेल. दोघांनीही नियम मोडलेला नसेल, कारण मोडावा असा निकषच नियमात नाही.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. विरोधक म्हणतो, हे चिन्ह मी १९९८ पासून वापरतो. मुदतीत त्याने प्रतिज्ञापत्र दिलं, सोबत २००६ नंतरची बिलं, जाहिराती, विक्रीच्या आकड्यांचं सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र जोडलं. अर्जदाराने उत्तरात नेमकं बोट ठेवलं की १९९८ ते २००६ चा एकही कागद नाही. सुनावणीची नोटीस निघाल्यावर विरोधकाला जुन्या वितरकाकडे १९९९ चा छापील दरपत्रक सापडतो आणि तो नियम ४८ खाली परवानगी मागतो. हा पुरावा घ्यावा का?

याचं उत्तर काही प्रश्नांवर ठरायला हवं. हा कागद विरोधकाच्या ताब्यात आधीपासून होता का? तो नवा मुद्दा उभा करतो, की नोटिशीतच केलेल्या विधानाला आधार देतो? अर्जदाराला त्यावर उत्तर द्यायला वेळ आहे का? त्याचं जे नुकसान होईल ते खर्च देऊन भरून निघेल का? आणि शेवटी, हा कागद खरा असेल तर निकाल बदलू शकतो का? तारीख किती उलटली हा प्रश्न यांत येतोच, पण तो बाकीच्या प्रश्नांच्या संगतीने येतो.

आता तेच प्रकरण थोडं बदलून पाहू. दरपत्रक पहिल्या दिवसापासून विरोधकाच्या कपाटात होता. त्याने तो मुद्दाम मागे ठेवला, अर्जदाराचा सगळा पुरावा पाहिला, आणि सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी पोर्टलवर चढवला. अर्जदाराच्या वकिलाला तो युक्तिवाद सुरू असताना पहिल्यांदा दिसतो. कागद तोच, पण उत्तर उलट यायला हवं. ही चाल मी समोरच्या बाजूकडून पाहिली आहे, आणि ती यशस्वी होते ती केवळ या आशेवर, की परवानगीचा निर्णय अंतिम आदेशात कुठेतरी एका ओळीत होईल. निर्णय आधी आणि कारणांसह होणार हे माहीत असेल, तर असा कागद कुणी शेवटच्या संध्याकाळसाठी राखून ठेवणार नाही. म्हणजे उशिराच्या पुराव्याचा गैरवापर रोखायलासुद्धा हाच उपाय लागतो.

‘ताब्यात होता का’ हा प्रश्न मी मनाने घातलेला नाही. वाणिज्य न्यायालयांच्या दाव्यांत दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ हाच प्रश्न विचारतो. दाव्यासोबत न दिलेला कागद ताब्यात असेल, तर तो वेळेत का दिला नाही याचं वाजवी कारण दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, ट्रेडमार्कच्याच एका दाव्यात, हा भेद स्पष्ट केला. दावा दाखल करताना जे कागद वादीच्या ताब्यात नव्हते आणि नंतर मिळाले, त्यांना तो निकष जसाच्या तसा लावता येत नाही, असं त्या निर्णयात म्हटलं आहे. उच्च न्यायालयातल्या वाणिज्य दाव्यात पक्षकारांना जी स्पष्टता मिळते, ती त्याच चिन्हाच्या वादात आपल्या कार्यालयात मिळू नये, याला मला कारण दिसत नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १२७ नुसार पुरावा घेण्यापुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार निबंधकांकडे आहेतच.

युरोपने हा प्रश्न बराच आधी हाताळला, आणि तिथला अनुभव आपल्याला उपयोगी आहे. कौल या कंपनीने ‘कापोल’ या आपल्या चिन्हाच्या आधारे ‘आर्कोल’च्या अर्जाला विरोध केला होता. अपिलाच्या टप्प्यावर तिने आपल्या चिन्हाची बाजारातली ओळख दाखवणारा नवा पुरावा दिला. युरोपच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या अपील मंडळाने तो उशिरा आला म्हणून पाहिलाच नाही. १३ मार्च २००७ रोजी युरोपीय न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सांगितलं की उशिराचा पुरावा विचारात घेतलाच पाहिजे असा पक्षकाराचा हक्क नाही, पण कार्यालयाला तो न पाहता आपोआप फेकताही येत नाही. कार्यालयाकडे विवेकाधिकार आहे, तो त्याने वापरला पाहिजे, आणि वापरल्याची कारणं दिली पाहिजेत. मंडळाने तो अधिकार वापरलाच नव्हता, म्हणून त्याचा निर्णय रद्द झाला. पुढे त्याच वादात कौल हरली. मला या प्रकरणातली सर्वात मोलाची गोष्ट हीच वाटते. पुराव्याकडे पाहिलं म्हणून निकाल फिरला नाही, फक्त हरणाऱ्याला आपण का हरलो ते समजलं. उशिराचा पुरावा विचारात घेणं म्हणजे विरोधकाला जिंकवणं, ही भीती इथे खरी ठरली नाही.

त्यानंतर युरोपीय संघाने ही कसोटी नियमांतच लिहिली. २०१८ च्या प्रत्यायोजित विनियमाप्रमाणे, मुदतीत दिलेल्या संबंधित पुराव्याला पूरक असा कागद नंतर आला, तर कार्यालयाने प्रकरणाचा टप्पा आणि उशिराचं कारण पाहून ठरवायचं. ऑस्ट्रेलियात भर पक्षकाराच्या वागणुकीवर आहे. मुदत वाढवून हवी असेल तर शक्य ते सगळे प्रयत्न वेळेवर आणि तत्परतेने केले होते, किंवा परिस्थिती अपवादात्मक होती, हे दाखवावं लागतं. दोन वेगळे मार्ग, पण दोन्हीकडे कसोटी कागदावर आहे आणि पक्षकाराला ती आधी वाचता येते.

आपल्याकडे हे लिहिलेलं असण्याची गरज जास्त आहे, कारण आपल्याकडे पुरावा उशिरा येण्याची कारणं बहुतेक वेळा कागदपत्रांच्या व्यवस्थेतच दडलेली असतात. नियम ४९ प्रमाणे हिंदी किंवा इंग्रजी सोडून इतर भाषेतल्या कागदाचं साक्षांकित भाषांतर द्यावं लागतं. ज्याची बिलबुकं, पावत्या, जाहिराती सगळं मराठीत, तमिळमध्ये किंवा गुजरातीत आहे, त्याचा दोन महिन्यांतला मोठा भाग भाषांतरात जातो. इंग्रजीत हिशेब ठेवणाऱ्या मोठ्या कंपनीला हा खर्चही नाही आणि हा वेळही लागत नाही. विक्री ऑनलाइन असेल तर पडद्याच्या छायाप्रती (स्क्रीनशॉट), ऑर्डरच्या नोंदी द्याव्या लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत द्यायच्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, एक पक्षाने भरायचा आणि एक तज्ज्ञाने. हे प्रमाणपत्र कसं मिळवायचं याचीच माहिती लहान व्यापाऱ्याला शेवटच्या आठवड्यात होते. मग तो असेल तसा पुरावा देऊन मुदत वाचवतो आणि उरलेला नंतर आणतो. हा माणूस आणि कागद दाबून ठेवणारा माणूस तारखेच्या हिशेबात एकाच रांगेत उभे राहतात. कारण विचारल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळणार नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी. मुदतीचं घड्याळ आजच्या रचनेत फक्त पक्षकारांसाठी चालतं. नियम ४५, ४६, ४७ यांनी त्यांचे महिने मोजले आहेत. पुरावे पूर्ण झाल्यापासून सुनावणीपर्यंत किती काळ जावा याला अशी सक्तीची मर्यादा नाही, आणि वर्षानुवर्षं सुनावणीची वाट पाहणारी प्रकरणं आहेत. कर्मचारी किती, प्रकरणं किती, याची मला जाणीव आहे आणि तो दोष मी कुणा अधिकाऱ्यावर ठेवत नाही. पण सुनावणी अजून दूर असताना, समोरच्याला उत्तराला भरपूर वेळ असताना आलेला पूरक कागद ‘विलंब होईल’ या कारणाने नाकारणं पटत नाही. तिथे त्या कागदामुळे एक दिवसाचाही विलंब होणार नसतो. उलट सुनावणीच्या तोंडावर आलेल्या कागदाला हेच कारण पूर्ण लागू पडतं.

मुदत कधी सुरू झाली हाही वाद बऱ्याचदा उशिराच्या मुळाशी असतो. नियम १८ प्रमाणे ई-मेल पाठवल्याच्या क्षणी तो बजावला गेला असं मानलं जातं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, प्रतिनिवेदनाच्या संदर्भात, नोटीस खरोखर मिळाली का हे पाहायला हवं, नुसतं पाठवणं पुरेसं नाही, असं म्हटलं. मार्च २०१६ मध्ये परीक्षण अहवालांना, म्हणजे अर्ज तपासून कार्यालयाने कळवलेल्या आक्षेपांना, उत्तर आलं नाही म्हणून मोठ्या संख्येने अर्ज सोडून दिल्याचे आदेश निघाले, आणि एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. पुराव्याला उशीर झाला असं म्हणण्याआधी, प्रत कधी आणि कशी मिळाली याची नोंद आदेशात असावी, एवढी अपेक्षा यातून रास्त ठरते.

कडकपणामुळे वाद लवकर संपतो, हा युक्तिवाद मी नेहमी ऐकते. विरोधकाच्या बाबतीत तो टिकत नाही. त्याचा पुरावा नाकारून विरोध फेटाळला आणि चिन्ह नोंदलं गेलं, तरी कलम ५७ खाली नोंदवहीतून ते काढून टाकण्याचा अर्ज तो करू शकतो, निबंधकांकडे किंवा उच्च न्यायालयात. जो दरपत्रक विरोधात पाहिला गेला नाही, तोच तिथे पहिल्या पानावर लागतो. वाद संपला नाही, फक्त आणखी काही वर्षांसाठी दुसऱ्या दालनात गेला, आणि दरम्यान नोंदणीच्या भरवशावर अर्जदाराने पॅकिंग, जाहिरात, वितरक यांवर पैसा घातला. तो बुडाला तर त्याचं नुकसान सुरुवातीला हरण्यापेक्षा मोठं आहे.

अर्जदाराची स्थिती तर याहून नाजूक. नियम ४६ खाली त्याचा अर्ज सोडून दिल्याचं मानलं गेलं, तर नवा अर्ज करता येतो, पण पहिल्या अर्जाची तारीख जाते. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तेच चिन्ह मागितलं असेल, तर रांगेत तो मागे पडतो. म्हणून नियम ४८ ची कसोटी लिहिताना ती दोन्ही पक्षांना समान लागू राहील याची काळजी घ्यावी.

या सगळ्यात एक तिसरा पक्ष आहे, जो सुनावणीला कधीच येत नाही. दुकानात वस्तू उचलणारा ग्राहक. औषधाच्या दोन सारख्या नावांमध्ये तो गोंधळला, तर त्याची किंमत तो मोजतो. कलम ११ मधलं गोंधळाचं सगळं तत्त्व त्याच्यासाठी आहे. पुराव्याअभावी चुकीचं चिन्ह नोंदवहीत गेलं तर तो फक्त विरोधकाचा पराभव राहत नाही. औषधं, लहान मुलांचं खाणं, कीटकनाशकं अशा मालाच्या प्रकरणांत तरी उशिराचा पण निर्णायक कागद नाकारण्याआधी जास्त विचार व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगते. नियम बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. नियम ४८ चा अधिकार आपल्याकडेच आहे, आणि तो कसा वापरला जाईल याचं परिपत्रक आपण काढू शकता. अर्जासोबत एक प्रतिज्ञापत्र असावं. कागद कधी मिळाला, आधी का दिला नाही, आणि नोटिशीतल्या किंवा प्रतिनिवेदनातल्या कोणत्या विधानाला तो आधार देतो, हे त्यात स्पष्ट असावं. प्रस्तावित कागद त्याच दिवशी समोरच्या बाजूला दिला जावा, म्हणजे आक्षेप हवेत घ्यावा लागणार नाही. समोरच्याला उत्तराला ठरावीक दिवस मिळावेत. मग अधिकाऱ्याने कागदपत्रांवरून, शक्यतो तोंडी सुनावणीशिवाय, एक-दोन पानांचा आदेश द्यावा. परवानगी दिली तर समोरच्याला उत्तरादाखल पुरावा देण्याची संधी आणि खर्च. हा खर्च नाममात्र नसावा, उशिरामुळे समोरच्याला जे काम पुन्हा करावं लागलं त्याच्याशी तो जुळावा. नाकारली तर कोणत्या प्रश्नाच्या उत्तरावरून नाकारली ते एका परिच्छेदात. अंतिम सुनावणीची तारीख या आदेशानंतरच लागावी.

यामुळे अधिकाऱ्यांचं काम वाढेल, हे खरं आहे. पण आज तोच मुद्दा अपिलात जातो. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून कलम ९१ खालची अपिलं थेट उच्च न्यायालयात जातात. पुरावा का नाकारला याचं कारण आदेशात नसलं, तर प्रकरण फेरविचारासाठी त्याच टेबलावर परत येऊ शकतं, आणि तेव्हा ते पहिल्यापेक्षा जास्त वेळ खातं.

शेवटची विनंती प्रलंबित प्रकरणांबद्दल. ज्या प्रकरणांत नियम ४८ चे अर्ज नोंदीवर पडून आहेत आणि अजून सुनावणी लागलेली नाही, त्यांची स्वतंत्र यादी प्रत्येक शाखेने, मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबाद, तयार करावी आणि आधी हे अर्ज निकाली काढावेत. यासाठी कोणत्याही नव्या अधिकाराची गरज नाही. परिपत्रकाचा मसुदा वकील, एजंट आणि व्यापारी संघटनांच्या सूचनांसाठी खुला केलात, तर माझ्या सूचना मी लेखी पाठवीन.

आपली विश्वासू,
ट्रेडमार्क विरोध-प्रकरणांत काम करणारी एक वकील